एकच प्रयोग

पुण्यातल्या ऑफिसात ‘नाटकासाठी सुट्टी हवीय’ म्हटलं की लोकांना बालगंधर्व, दोन अंक आणि मध्यंतरातला बटाटेवडा दिसतो. मग सांगावं लागतं, की बाबांनो, आमचं नाटक रात्री १० ला सुरू होतं आणि उजाडताना संपतं. त्यासाठी महाराष्ट्र एक्स्प्रेसने थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत, गोंदियापर्यंत जायचं, आणि तिथून पुढे अर्जुनी-मोरगावकडे.

झाडीपट्टी म्हणजे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली. दिवाळी झाली, हलका धान निघाला की गावोगावी मंडई भरते. दिवसा मंडई, रात्री नाटक. घरोघरी पाहुणे आणि पाहुण्यांत हळूच सोयरिकीच्या गोष्टी. (मी २८ चा आहे, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.) २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा ऑफिसातल्या दोघातिघांनी पहिल्यांदा ‘हे झाडीपट्टी काय असतं रे?’ असं विचारलं.

बरीच गावं वडशाच्या कंपन्यांना बोलावतात. आमच्याकडे मात्र गावचं मंडळच नाटक करायचं. गेल्या मंडईपर्यंत. पुढच्या वर्षीपासून कंपनीच आणायची, असं मीटिंगमध्ये ठरलं, कारण तालमीला पोरंच नाहीत. सगळी नागपूर, पुणे, हैदराबादला. कुणी माझ्याकडे बघून बोललं नाही, पण मला ऐकू आलं.

हौशी नाटकाला ‘शेवटचा प्रयोग’ वगैरे नसतो. एकच प्रयोग. महिनाभर शाळेच्या वर्गात तालीम, नायिकेच्या जागी कुणीतरी मिशीवाला, आणि खरी नायिका नागपूरहून त्याच संध्याकाळी येणार. तिच्या डोक्यात आधीच दहा गावांची दहा नाटकं. म्हणून सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर. यंदा प्रॉम्प्टर मी. ‘इंजिनिअर आहे, वाचता तं येतेच ना गा!’ असं मामा म्हणाला, झालं सिलेक्शन.

बाबा २२ वर्षं खलनायक. घरी आवाज चढवत नाहीत, स्टेजवर मात्र बायाबापड्यांच्या शिव्या खातात. कपात चहा गार होईपर्यंत थंडी, समोर घोंगड्या पांघरलेलं अख्खं गाव, मांडीवर झोपलेली पोरं. तिसऱ्या अंकात बाबांचं शेवटचं वाक्य होतं. ते म्हटलं की पडदा. बाबा गप्प. मी वाक्य दिलं. गप्पच. पुन्हा दिलं, जरा मोठ्याने, तर ते माइकवर गेलं आणि मागे कुणीतरी हसलं. ऑर्गनवाल्याने सूर धरून ठेवला. बाबांनी एकदा पूर्ण मंडप पाहिला, डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश. मग वाक्य म्हटलं.

विसरले होते की मुद्दाम थांबले होते, मी अजून विचारलेलं नाही.

सकाळी नायिका पहिल्या बसने गेली. आम्ही पडदे उतरवले, बल्ल्या सोडल्या, भाड्याच्या सतरंज्या मोजल्या तर दोन कमी. बाबा ओट्यावर बसून खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग पुसत होते. कानामागे निळं तसंच राहिलेलं.

“नाटकाची वही मंडळाच्या पेटीत ठेव,” ते म्हणाले.

पेटीची चावी कुणाकडे आहे ते कुणालाच आठवेना. वही सध्या माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे.