देशी संगीत

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी संगीताचे मार्गी आणि देशी असे दोन भेद कल्पिले आहेत. मार्गी म्हणजे नियमांनी बांधलेले. आणि स्त्रिया, बालके, गुराखी, फार काय राजेसुद्धा आपापल्या प्रदेशात, आपल्या खुशीने आणि प्रेमाने जे गातात ते देशी. ही व्याख्या मतंगाच्या ‘बृहद्देशी’ ह्या हजार वर्षांहून जुन्या ग्रंथातील. तो ग्रंथ त्रिवेंद्रमच्या संस्कृत ग्रंथमालेत १९२८ साली छापून निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतील ब्रिस्टल नावाच्या एका लहानशा गावात तेथील डोंगरी मंडळींची गाणी तबकड्यांवर उतरविली जात होती. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही; परंतु त्या गाण्यांना पुढे ‘कंट्री म्युझिक’ असे नाव मिळाले आणि त्याचे सरळ मराठी करावयाचे तर ‘देशी संगीत’ असेच करावे लागेल.

२०२३ च्या सप्टेंबरात चिरंजीवांकडे मुक्काम असताना ह्या ब्रिस्टल गावी सहकुटुंब एक दुपार घालविण्याचा योग आम्हांस आला. मोटारीने तीन तासांचा रस्ता. सौभाग्यवतींनी करून घेतलेल्या दशम्या आणि तिळाची चटणी वाटेतच उरकली. बरोबर चिरंजीव, सूनबाई आणि बारा वर्षांची नात. नात शाळेत व्हायोलिन शिकते. खरे म्हणजे तिच्याच हट्टाखातर हा बेत ठरला होता.

गावाची एक मौज सांगितली पाहिजे. त्याच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध दोन संस्थानांची सीमा गेलेली आहे. एका बाजूची दुकाने टेनेसीत, समोरची व्हर्जिनियात. सीमेवर पितळी खुणा ठोकलेल्या आहेत. एक पाय ह्या राज्यात आणि दुसरा त्या राज्यात ठेवून नातीने आपले छायाचित्र काढवून घेतले. २००१ सालापासून येथे सप्टेंबरात तीन दिवसांचा गाण्याचा मेळा सुरू झाला. त्या दिवसांत हा रस्ता वाहनांना बंद असतो आणि ठिकठिकाणी रंगमंच उभारलेले असतात. मनगटाला फीत बांधून घ्यावी, घडीची खुर्ची उघडावी आणि हवे तेथे ऐकत बसावे.

आम्ही बसलो त्या मंचावर एकाच घरातील तीन पिढ्या होत्या. आजोबांच्या खांद्यावर व्हायोलिन, ज्याला ती मंडळी ‘फिडल’ म्हणतात. कन्येच्या हाती गिटार. आणि नातीच्याच वयाचा एक मुलगा बँजो वाजवीत होता. आपल्याकडे मिरवणुकीत ज्याला बँजो म्हणतात ते कळा दाबून वाजविण्याचे वाद्य निराळे. ह्या बँजोला गोल, कातड्याने मढविलेले तोंड असते, आणि त्याची पाचवी आखूड तार आपल्या सतारीच्या चिकारीप्रमाणे एकाच उंच स्वरावर अखंड बोलत राहते. ह्या वाद्याचे मूळ आफ्रिकेतील. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर ते ह्या देशात आले. फिडल आणि तिच्या चाली आल्या स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या वसाहतवाल्यांबरोबर. दोन्ही एका मंचावर इतक्या सहज नांदताना पाहून त्यांच्यामागचा इतिहास सहज नव्हता, हे क्षणभर ध्यानातही येत नाही.

तो इतिहास थोडक्यात असा. राल्फ पियर हे व्हिक्टर कंपनीच्या वतीने १९२७ च्या जुलैअखेर ब्रिस्टलला आले. टोप्यांच्या एका व्यापारी कंपनीच्या रिकाम्या इमारतीत त्यांनी आपली यंत्रे मांडली, आणि सुमारे बारा दिवसांत १९ गायक-मंडळ्यांची ७६ गाणी उतरवून घेतली. त्यांत ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि भावजय मेबेल हे तिघे होते. मेबेल अवघी अठरा वर्षांची आणि गर्भारपणाचे दिवस भरत आलेली. तशा स्थितीत डोंगरातल्या खराब रस्त्याने ती आली होती. सारा ‘ऑटोहार्प’ नावाचे स्वरमंडळासारखे वाद्य छेडी. मेबेल गिटारच्या खर्जाच्या तारांवर अंगठ्याने चाल वाजवी आणि बोटांनी वरच्या तारांवर ताल धरी. ही गाणी घरोघर पोहोचली, आणि पुढे १९९८ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ब्रिस्टलला ‘कंट्री म्युझिकचे जन्मस्थान’ म्हणून मान्यता दिली.

परंतु तबकड्यांचा धंदा नवी गाणी मागू लागला. कार्टर तेव्हा डोंगरोडोंगरी हिंडून जुनी गाणी गोळा करू लागले. ह्या फिरतीत त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा एक कृष्णवर्णी गिटारवादक असे. सिमेंटच्या कारखान्यातील अपघातात त्याने एक पाय गमावला होता. कार्टर शब्द उतरवून घेत आणि रिडल चाल ध्यानात ठेवी. वेदपठण ज्या परंपरेने आले, तीच ही कानाची आणि स्मरणाची परंपरा. गाणी मात्र छापली गेली कार्टरांच्या नावावर. रिडलचे नाव तबकडीवर आले नाही. १९६० च्या दशकात माइक सीगर ह्या संग्राहकाने त्याला गाठून त्याचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा कोठे जगाला त्याची ओळख झाली.

असो. आमच्या शेजारी एक वृद्ध बाई बसल्या होत्या. मंचावर एक जुने भजन सुरू झाले तेव्हा त्या डोळे मिटून बरोबर गाऊ लागल्या. पण त्यांचे शब्द मंचावरच्या शब्दांहून थोडे निराळे होते. नातीने धीटपणे विचारले. बाई हसून म्हणाल्या, ‘‘हे आमच्या आईचे शब्द आहेत. आमच्या घरी असेच म्हणतात.’’ नातीने ते आपल्या आजीला मराठीत सांगितले.

‘‘अहो, ऐकलंत का?’’ सौभाग्यवती आम्हांस म्हणाल्या, ‘‘म्हणजे आमच्या ओव्यांसारखंच की हे!’’

‘‘ओव्या म्हणजे काय, आजी? तुला येतात?’’

आजी जरा संकोचली. मग भर रस्त्यात, त्या गलबल्यात, आपल्या आजीची पहाटेची एक ओवी तिने हलक्या आवाजात म्हटली. शेजारच्या बाईंनी आपले गाणे थांबविले आणि त्या ऐकू लागल्या. नातीला शब्द पुरते कळले नाहीत. जाते म्हणजे काय हेही तिला ठाऊक नव्हते; पण चाल तिने पकडली, आणि परतीच्या प्रवासात ती आजीकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेत राहिली.

त्यानंतरच्या आठवड्यात आजी आठवील तशी सांगे आणि नात एका वहीत उतरवून घेई. एकूण एकेचाळीस ओव्या भरल्या. त्यांपैकी अकरा ओव्यांचा उत्तरार्ध काही केल्या आठवेना. रत्नागिरीकडील त्या आजोळच्या घरी जात्यावर बसणाऱ्या बायकांपैकी विचारण्यासारखी आज एकही उरलेली नाही. वहीत त्या अकरा ठिकाणी कोरी ओळ सोडलेली आहे.

साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये अशा ओव्या गोळा केल्या हे वाचकांस ठाऊकच आहे. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांनी खेडोपाडी हिंडून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. आणि विशेष म्हणजे गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव त्यांत नोंदलेले आहे. रिडलच्या वाट्यास जे आयुष्यभर आले नाही, ते ह्या बायकांस मिळाले. एवढा मोठा संग्रह असताना घरच्या वहीचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. त्या वृद्ध बाईंनी उत्तर देऊन ठेवलेच आहे: छापील शब्द सर्वांचे असतात, पण ‘आमच्या घरी असेच म्हणतात’ हे सांगणारे कोणी घरात असावे लागते.

नातीने प्रत्येक ओवीखाली ‘आजीच्या आजीकडून’ असे लिहिले आहे. त्या माउलीचे सासरचे नाव आम्हांस ठाऊक आहे. माहेरचे नाव सांगणारे कोणी नाही, आणि ओव्या तर तिने माहेराहूनच आणल्या असणार. वाचकहो, आपल्या घरात सत्तरी-ऐंशीची कोणी आजी, मावशी, आत्या असेल, तर येत्या सुटीत मुलांना वही देऊन तिच्याजवळ बसवावे. गाणे तर उतरवून घ्यावेच. पण ते कोणाकडून आले, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.