गोळी सुटते तेव्हा

एचआयव्ही कसा होतो आणि कसा होत नाही, हे आपण पुष्कळदा वाचले आहे. त्याची उजळणी येथे करीत नाही. उपचार सुरू होऊन मध्येच थांबतात तेव्हा काय घडते, आणि ते पुन्हा सुरू कोण करते, याविषयी आपल्याशी बोलायचे आहे.

1995च्या सुमारास मी पनवेलला दवाखाना थाटला, तेव्हा या रुग्णांना देण्यासारखे आम्हा डॉक्टरांजवळ फारसे काही नव्हते. क्षय आणि जुलाब यांवर औषधे द्यायची आणि धीर द्यायचा. एप्रिल 2004पासून सरकारी केंद्रांतून विषाणूरोधक उपचार, म्हणजे एआरटी, मोफत मिळू लागले. 2017पासून प्रतिकारशक्ती ढासळण्याची वाट न पाहता निदान होताच ते सुरू करतात. आज बहुतेकांना दिवसाकाठी एकच गोळी पुरते. ती नियमित घेतल्यास विषाणूंचे प्रमाण चाचणीतही सापडणार नाही इतके उतरते, आणि ते तसेच राहिले तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मात्र गोळी सुटली की विषाणू पुन्हा वाढतात, आणि तीच गोळी पुढे निष्प्रभ ठरण्याचा धोका असतो.

मग मोफत मिळणारी गोळी सुटते कशी? आमचे गाव हमरस्त्यावरचे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात देशभरचे ट्रक येतात. चालक महिनाभराच्या गोळ्या घेऊन निघतो, माल उतरायला उशीर होतो आणि डबी आसामात रिकामी होते. रायगडच्या वाड्यांतील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडावरच परततात. एखादीची डबी सासूच्या हाती लागते. कोणी ओळखीचे भेटेल या धास्तीने जवळचे केंद्र सोडून दूरच्या गावी जातो आणि एक दिवस एसटीचे भाडे परवडेनासे होते. कित्येकांना तर बरे वाटू लागते. तेवढेच कारण पुरते. (मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे माझे रुग्णही याच कारणाने गोळ्या सोडतात, पण त्यांना शेजाऱ्यांपासून लपावे लागत नाही.)

येथे डॉक्टरचा हात तोकडा पडतो. रुग्ण आला नाही हे मला कळते; तो का आला नाही हे मला दवाखान्यात बसून कळत नाही. ते शोधणारी माणसे बहुधा स्वतःच या संसर्गासह जगणारी असतात. 1997 साली चेन्नईत अशाच बारा जणांनी ‘इंडियन नेटवर्क फॉर पीपल लिव्हिंग विथ एचआयव्ही’ ही संघटना उभी केली. पुढे राज्याराज्यांत तशी जाळी विणली गेली. आपल्याकडे पुण्यातून काम करणारे महाराष्ट्राचे नेटवर्क आहे. 2013मध्ये ‘इंडिया एचआयव्ही/एड्स अलायन्स’ने ग्लोबल फंडाच्या साहाय्याने ‘विहान’ हा कार्यक्रम हाती घेतला आणि एआरटी केंद्रांना जोडून देशभर आधार केंद्रे सुरू झाली.

त्यांचे काम दिसायला साधे आहे. गोळ्या न्यायला न आलेल्यांची यादी एआरटी केंद्राकडून मिळते. मग कार्यकर्ती फोन लावते, फोन बंद असेल तर घर शोधत जाते. गल्लीत कोणी हटकले तर बचत गटाचे किंवा रेशनकार्डाचे निमित्त सांगते, कारण निदान परक्याच्या कानी जाऊ द्यायचे नसते. 2017च्या कायद्यानेही संमतीवाचून चाचणी करण्यास आणि निदान उघड करण्यास मनाई केली आहे. कोणाला दुसऱ्या केंद्रात नाव हलवून हवे असते, कोणाला निराधार योजनेचा अर्ज भरून हवा असतो, तर कोणाला फक्त बोलायचे असते. माझ्याकडे येणाऱ्या एका चालकाच्या गोळ्या परराज्यात संपल्या. येथल्या कार्यकर्तीने तिकडच्या सहकाऱ्याला फोन केला, त्याने जवळचे केंद्र दाखवले आणि उपचाराची पुस्तिका पाहून तेथे गोळ्या मिळाल्या. मी चिठ्ठी लिहिली असती तर ती कोणाच्या नावे लिहायची, हेही मला ठाऊक नव्हते.

मला खुपते ते वेगळेच. ही माणसे तुटपुंज्या मानधनावर असतात आणि त्यांची नेमणूक प्रकल्पाच्या मुदतीपुरती असते. मुदत सरली, निधी आटला की फाइली कार्यालयात जमा होतात. पण कुठल्या घरी दुपारी जायचे, कुठल्या घरी सासू बाजारात गेल्यावर, हे फाइलीत नसते. ती बाई गेली की तेही तिच्याबरोबर जाते. विषाणूंच्या चाचणीवर खर्च होतो तो योग्यच आहे, परंतु चाचणीला माणूस आणणाऱ्याचे मानधन अंदाजपत्रकात अगदी शेवटी यावे, हे मला पटत नाही.

आपल्या घरात कोणाच्या गोळ्या सुटल्या असतील, तर 1097 हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. नाव न सांगताही बोलता येते. पुन्हा गेल्यावर केंद्रात रागावतील ही भीती अनेकांना असते. तरीही जावे, जितक्या लवकर तितके बरे. आणि एखाद्या दुपारी खांद्याला पिशवी अडकवलेली अनोळखी बाई शेजारच्या दाराशी उभी दिसली, तर ती कोणाकडे आली आहे हे तिला विचारू नये. पाणी हवे का, एवढे विचारावे.