वरच्या वर्गाचे सोबती

या शाळेच्या वसतिगृहातून निघून आम्ही विद्यापीठात गेलो आणि पदवीसाठी तत्त्वज्ञान हा विषय घेतला, तेव्हा घरच्यांनी विचारले, "याने पोट भरेल काय?" प्रश्न रास्त होता. परंतु पहिल्याच सत्रात त्याहून अवघड प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला : हे आपल्याला समजण्याजोगे आहे काय?

वर्गात देकार्त शिकवला जात होता. १६४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या चिंतनांत त्याने साऱ्या ज्ञानाविषयी संशय घेऊन आरंभ केला. आम्हा नवख्यांना मात्र संशय आला तो स्वतःविषयीच. शालेय शिक्षण मराठीत, ग्रंथ इंग्रजीत आणि भरल्या वर्गात शंका विचारण्यास जीभ रेटत नसे. गप्प बसणाऱ्यास समजत नाही असे धरले जाते, म्हणून तो अधिकच गप्प होतो आणि एके दिवशी वर्गात दिसेनासा होतो.

या गळतीवर तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या परीने उपाय योजला होता. आठवड्यातून एक संध्याकाळ, एका जुन्या विद्यार्थ्याभोवती तीन-चार नवे. व्याख्यान नाही. एकच परिच्छेद वाचावयाचा आणि दोनच प्रश्न विचारावयाचे : लेखक काय सिद्ध करू पाहतो, आणि कशाच्या आधारावर?

एकदा न्यायदर्शनातील पंचावयवी अनुमान चालले होते. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पर्वतावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, उदाहरण स्वयंपाकघराचे. विषय बदलून घेण्याच्या विचारात असलेली एक मुलगी त्या दिवशी प्रथमच बोलली. "धूर तेथे विस्तव हे खरे, पण विस्तव तेथे धूर असतोच असे नाही. लाकूड ओले असेल तरच चूल धुरावते." वरच्या वर्गातील ताई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "नैयायिक यालाच उपाधी म्हणतात, आणि त्यांचे उदाहरणही ओल्या सरपणाचेच आहे." आईच्या चुलीपुढे मिळालेले ज्ञान शास्त्रात आधीच मान्य झालेले होते. त्या मुलीने विषय बदलला नाही.

हे ताईंनाच का साधले? प्राध्यापकांचे ज्ञान मोठे, यात शंका नाही. परंतु त्यांना ही वाट ओलांडून अनेक वर्षे लोटलेली असतात. दोन वर्षांपूर्वीच ती चढून गेलेल्यास मात्र कोणता दगड निसटता आहे हे अजून आठवत असते. शिवाय त्याच्या हाती गुण नसतात, म्हणून त्याच्यापुढे चुकण्याचे भय वाटत नाही.

मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला सांगतो की, पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने नव्हे. पंडित खंडन झाले तरी रागावत नाहीत. राजे विरोध करणाऱ्यास दंड करतात. ज्या राजाने ही अट मान्य केली, त्याचेच नाव बाबासाहेबांनी आपल्या औरंगाबादच्या महाविद्यालयास दिले. आमच्या त्या संध्याकाळी ही अट न बोलता पाळली जात असे.

एक नियम मात्र बोलून ठरवलेला होता : नव्याचा निबंध कोणी लिहून द्यावयाचा नाही. मागणारा अडचणीत असे आणि देणाऱ्याला ते सोपे असे, तरीही नाही. लिहून दिलेल्या निबंधाने परीक्षा निभावते, परंतु 'मला जमत नाही' ही समजूत पक्की होते.

या सोबतीने सर्व काही साधले असे नाही. खाणावळीचे पैसे थकल्याने एक सोबती गावी परतला. त्यास तर्कशास्त्र अडवू शकले नाही. पुढे आम्ही वरच्या वर्गात गेलो, तेव्हा ग्रंथांपूर्वी नव्यांना शिष्यवृत्तीच्या अर्जाविषयी विचारू लागलो.

पाली वाङ्मयात अशा सोबत्यास कल्याणमित्र म्हटले आहे. या शाळेतून दरवर्षी मुले-मुली उच्च शिक्षणासाठी बाहेर पडतात. माजी विद्यार्थ्यांस आमची विनंती एवढीच की, आपण शिकलो त्या विद्यापीठात यंदा आपल्या शाळेचे कोण गेले आहे, याची चौकशी करावी, आणि भेटल्यावर उपदेशाआधी विचारावे, "सध्या काय वाचतोस?"