सुधारलेले सत्य

लोधिवलीस आमच्या बैठकीत चरित्रग्रंथांचा विषय निघाला, की मते दुभंगतात. कोणास चरित्रात बोध हवा, कोणास युद्धवृत्तांतात वीरश्री. आम्हांस अशा वेळी पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे आठवतात. घरचे कर्ज फेडावे, म्हणून बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेतील यज्ञाच्या दक्षिणेची आशा धरून हा भिक्षुक उत्तरेस निघाला, तो १८५७ च्या बंडात सापडला. पुढील वर्षीचा झाशीचा वेढा व कत्तल त्याने शहरात राहून पाहिली. हाती शस्त्र नाही, मनी केवळ भय! त्याच्या साक्षीचे मोल यातच आहे.

ही हकीकत ‘माझा प्रवास’ या नावाने चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केली, ती मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी छापला, तो १९६६ साली. मधली ५९ वर्षे वाचकांच्या हाती सुधारलेलेच विष्णुभट होते. वैद्यांच्या काळी राज्य परक्यांचे होते, ही अडचण आम्ही जाणतो. आज तसा धाक नाही. तरीही चरित्रनायकाच्या अंगी भय नको, डाग नको, असा हट्ट आपण धरतो, तेव्हा लेखणीस कात्री लावणारे आपणच नव्हे काय?