मे महिन्यातली शाल

आमच्या वाशिमला मे महिन्यात घरोघरी दोन गोष्टी अखंड चालू असतात : कूलर आणि कूलरवरून होणारी भांडणं. त्या वर्षी मात्र आमच्या सौभाग्यवती कूलर बंद करून, पायांवर शाल घेऊन बसल्या. दिवसभर सुस्ती, वजन वाढलेलं. चारचौघांत मी तिला 'निष्क्रिय खातं' म्हणायचो. लोक हसायचे. तीही हसायची. निदान मला तसं वाटायचं.

शेवटी रक्त तपासलं, तर टीएसएच भलतंच वाढलेलं. मी म्हटलं, "वाढलंय ना? मग थायरॉईड जोरात असेल!" डॉक्टर म्हणाले, "साहेब, टीएसएच म्हणजे हेड ऑफिसचं स्मरणपत्र. गळ्यातली शाखा काम करीना, की मेंदूतून पत्रांवर पत्रं सुटतात." ही भाषा मला कळली.

गोळी मिळाली ५० मायक्रोग्रॅमची. मी हिशेब केला : एका ग्रॅमच्या २०,००० गोळ्या, म्हणजे रोज एक घेतली तरी ५४ वर्षं पुरून उरतील. एवढ्याशा चिमटीनं माणूस चालतो, यावर बी.कॉम. माणसाचा विश्वास कसा बसावा? पण दिवाळीपर्यंत सौभाग्यवती पुन्हा माझ्याशी भांडू लागल्या. गुण आला होता.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. "ही गोळी एकडाव लागली का मंग सुटत नाही, बाप्पा!" झालं. हिनं गुपचूप गोळी बंद केली. आणि गंमत अशी, की काहीच बिघडलं नाही. बिघडणार कसं? या औषधाची शिल्लक आठवड्याला साधारण निम्मी होत जाते. खातं एकदम रिकामं होत नाही. पण संक्रांतीनंतर एके दिवशी स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन पातेलं काळं ठिक्कर पडलं, आणि ही समोरच बसलेली. नुसती बघत. त्या दिवशी मला विनोद सुचला नाही.

डॉक्टरांना विचारलं, "सवय तर लागणार नाही ना?" ते म्हणाले, "तुम्हाला पगाराची सवय लागलीय का? ग्रंथी जे बनवायची, तेच या गोळीत आहे." त्यांनीच सांगितलं, की १८९१ साली इंग्लंडात जॉर्ज मरे या डॉक्टरांनी एका बाईंना मेंढीच्या ग्रंथीचा अर्क द्यायला सुरुवात केली. त्या पुढं २८ वर्षं जगल्या. आपल्याला तर नुसती गोळी गिळायची आहे!

नियम मात्र बँकेपेक्षा कडक. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहा नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब. डोस बदलला की सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त. आणि बारीक व्हायला दोन गोळ्या घेऊ का, असं विचारायचंसुद्धा नाही. त्याचं व्याज हृदय भरतं.

आता सकाळी ती गोळी घेते, आणि तिच्याबरोबर मीही चहावाचून तासभर बसतो. एवढं प्रायश्चित्त मला लागू आहे. 'निष्क्रिय खातं' हा शब्द घरात बंद झालाय.

परवा मे महिन्यात तिनं स्वतःच कूलर लावला, तोही फुल. मला जरा थंडी वाजली. पण बोललो नाही. बोललो असतो, तर रक्त द्यावं लागलं असतं.