रापणे आणि रंग येणे

मराठीत ‘रापणे’ हे क्रियापद कष्टाच्या बाजूचे आहे. ऊस तोडणाऱ्याची पाठ रापते, मेंढरांमागे हिंडणाऱ्याचा चेहरा रापतो. आमच्या माढ्यात होळीपासूनच ऊन अंगावर येऊ लागते. तिथे रापण्यासाठी कोणी पैसे मोजील ही कल्पनाच विनोदी वाटावी. युरोप-अमेरिकेत मात्र त्यासाठी दिव्यांच्या पेट्या असतात. माणूस तीत आडवा होतो, काही मिनिटे अतिनील किरण अंगावर घेतो आणि तांबूस होऊन बाहेर पडतो. आपल्याकडे १९७५पासून गोरे करणारे ‘फेअर अँड लव्हली’ खपत आले (२०२०मध्ये त्याच्या नावातला ‘फेअर’ गेला, एवढेच), तिकडे सावळे करणारे दिवे. एवढे म्हणून आम्ही हा विषय सोडूनही दिला असता. परंतु त्याच कुळीच्या दोन ट्यूबा आमच्या मावसबहिणीच्या खोलीत कित्येक वर्षे भिंतीशी उभ्या आहेत.

अक्काला तिशीत कोड फुटले. लेकरांचे पुरवायचे तेही कोड आणि ज्याच्यापायी ठरलेले लग्न मोडते तेही कोड. भाषेने हा योग कसा जुळवला ते भाषाशास्त्रज्ञ जाणोत. ‘श्वेतकुष्ठ’ हा संस्कृत पर्याय तर अधिकच घातक, कारण त्यातले कुष्ठ ऐकणाऱ्याला थेट महारोगाकडे नेते. वास्तविक दोहोंचा काही संबंध नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच त्वचेतल्या रंगपेशी नष्ट करते. हे स्पर्शाने पसरत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ २००६मध्ये आला, पुण्या-मुंबईत त्यावर चर्चा झाली. माढ्यात तो शब्द तरीही दबक्या आवाजातच उच्चारला जाई.

अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात या डागांवर सूक्ते आहेत. रात्री जन्मलेल्या काळ्या वनस्पतीला तिथे विनवणी आहे, की या अंगाला पुन्हा रंग दे. गोऱ्या सुनेच्या शोधात हिंडणाऱ्या आपल्या समाजाने हे मागणे जरा निवांत वाचावे असे आम्हांस वाटते. पुढे वैद्यांनी बावचीचे बी लावून उन्हात बसवले. १९४८मध्ये इजिप्तच्या अल् मोफ्ती यांनी तशाच गुणाच्या एका वनस्पतीतले शुद्ध द्रव्य वापरून डागांवर उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. मग उन्हाची जागा दिव्याने घेतली, आणि १९९७मध्ये ॲमस्टरडॅमच्या त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवले की, अतिनील किरणांची एक अरुंद पट्टी, सुमारे ३११ नॅनोमीटरची, औषधावाचूनही कोडावर काम करते.

त्या ३११ आकड्यासाठी अक्का आठवड्यातून दोनदा सोलापूर गाठत असे. सकाळची गाडी, दवाखान्यातली उभी पेटी, डोळ्यांवर काळा चष्मा, दीड-दोन मिनिटांचा उजेड आणि परत. दिवस जाई तो जाण्यायेण्यात. दोन वर्षांनी डॉक्टरांच्याच सल्ल्याने तिने दोन फुटी ट्यूबांची लहान पेटी घरी आणली.

या ट्यूबांची गंमत अशी की, काच वगळता आतली करामत सगळीकडे एकच. पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे किरण निघतात. काचेच्या आतल्या भुकटीचा लेप त्यांना पचवून वेगळे किरण बाहेर टाकतो. लेप बदलला की ट्यूबेचा स्वभाव बदलतो. एक लेप स्वयंपाकघर उजळतो, दुसरा किडे ओढून घेतो, तिसरा युरोपियन पाठी रापवतो, चौथा अक्काच्या कामाचा. लेपच नसला आणि काच ते किरण जाऊ देणारी असली, तर ती जंतू मारणारी ट्यूब; तिच्यासमोर माणसाने उभे राहिले तर कातडी भाजते आणि डोळे सुजतात. आणि या सगळ्यांच्या टोकांना त्याच दोन पिना!

ट्यूबा थकल्या तेव्हा गावातल्या दुकानदाराने किडे मारायच्या यंत्रातली निळी ट्यूब पुढे केली.

“अक्का, पिना बसत्यात न्हवं? मग चालतीय की.”

“बसती रे बाबा. पण आकडा कुठाय?”

तिने जुन्या ट्यूबेच्या टोकावरची अक्षरे वहीत उतरवून ठेवली होती. शेवटचे ‘०१’ तर दोनदा गिरवलेले. ते ‘०१’ म्हणजेच लेपाची ओळख. वॅट आणि लांबी जुळून भागत नाही. रापवण्याच्या पेट्यांनाही हाच नियम आहे; अमेरिकेत कोणत्या ट्यूबा चालतील ते पेटीवर लिहिण्याची सक्ती आहे, कारण जास्त तीव्र ट्यूब बसवली की ठरलेल्या मिनिटांतच माणूस पोळतो. (त्या हौसेच्या पेट्यांना २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने तंबाखूच्याच गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांत, बसवले.)

नव्या ट्यूबा पुण्याहून आल्या. अक्काने त्या बसवण्याआधी डॉक्टरांना फोन केला, आणि वहीतले सेकंद एकदम खाली आले. ट्यूब जळत नाही, ती हळूहळू मंदावते. डोळ्यांना ती तशीच दिसते, आणि आपण नकळत वेळ वाढवीत गेलेलो असतो. नव्या ट्यूबेला तो जुना वेळ दिला तर डागांवर फोड येतात. आम्ही ती वही चाळली आहे. तारीख, सेकंद, आणि क्वचित एखादा शब्द: ‘लाली’, ‘काही नाही’, ‘कपाळ’.

‘कपाळ’ म्हणजे तिथे रंग आला होता. तो सरसकट येत नाही. केसांच्या मुळाशी उरलेल्या पेशींतून तिळाएवढे ठिपके उमटतात, मग ते एकमेकांना मिळतात. चेहरा असा वर्षभरात भरला. बोटांच्या टोकांना मुळी केसच नसतात, तिथे काही उमटले नाही. अक्का शाळेत शिकवते. खडू धरलेली ती बोटे पाहून पोरे कधी विचारतात, तेव्हा ‘खडू लागलाय’ असे सांगणे तिला सोपे पडले असते. ती ‘कोड आहे’ म्हणून सांगते आणि फळ्याकडे वळते.