तार

जेट इंजिनाची कल्पना मांडणारा फ्रँक व्हिटल 1907 साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात जन्मला. 1930 मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याने पेटंटसाठी अर्ज केला. 1935 मध्ये त्याच्या नूतनीकरणाला पाच पौंड लागत होते. त्याला ते परवडेनात, सरकारनेही भरले नाहीत. पेटंट गेलं. 1937 मध्ये इंजिन चाललं, 1941 मध्ये त्यावर ब्रिटनचं पहिलं जेट विमान उडालं. ते विमान आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

कॉव्हेंट्रीकडे आहे मिडलंड एअर म्युझियम. 1967 मध्ये हौशी मंडळींनी सुरू केलेल्या संस्थेतून ते उभं राहिलं. तिथे व्हिटलच्या नावाचं दालन आहे, बाहेर उघड्यावर अवाढव्य व्हल्कन बॉम्बर आहे. बहुतेक कामं स्वयंसेवक करतात.

मी पुण्याहून इथे गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहायला आलो. ऑफिस व्हिटली भागात. दुसऱ्या महायुद्धातल्या व्हिटली बॉम्बरला या भागाचंच नाव दिलेलं, आणि ती विमानं याच शहरात बनत. दोन वर्षं मी हा शब्द फक्त बसच्या पाटीवर वाचत होतो.

दर शनिवारी म्युझियममध्ये जायला लागलो, तेव्हा वाटलं होतं की कॉकपिटमध्ये काहीतरी करायला मिळेल. सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांनी हातात तार दिली आणि शिडी दाखवली.

विमानाच्या पोटाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. पानं, माती, कोळ्यांची जाळी यांनी ती तुंबतात. मग पाणी आतच साचतं. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा पत्रा पाण्यात एकत्र आले की छोटी बॅटरीच तयार होते, आणि झिजतो तो पत्रा. बाहेरून रंग चकचकीत, आतून पोकळ. जुना कोड सांभाळलेल्यांना हे नव्याने सांगायला नको.

भोकं कुठे आहेत ते कागदावर सापडतं. कुठलं भोक आधी तुंबतं, कुठे तार जोरात घातली तर आतलं काही दुखावतं, ते फक्त आजोबांना माहीत आहे. त्यांचे गुडघे आता शिडी चढू देत नाहीत. ते खाली खुर्ची टाकून बसतात, वर मी. ते सांगतात, मी फोटो काढून शीटमध्ये नोंदी करतो.

शीटच्या चाळीस ओळी झाल्या तेव्हा मी त्यांना कौतुकाने दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली. म्हणाले, "छान आहे. पण हे शिडी चढणार आहे का?"

पुढच्या शनिवारी ऑफिसातल्या दोघांना घेऊन गेलो. त्यातल्या एकाने पोचल्या पोचल्या विचारलं, कॉकपिटमध्ये बसायला मिळेल का? आजोबा काही बोलले नाहीत. तार शोधायला उठले.